बाहेर पडायचं बटण

उन्हाळ्याच्या सुट्टीत देवासला आलेल्या भाचीने माझ्या हातात एक पुस्तक ठेवलं. म्हणाली, "मावशी, तुला पुराणातल्या गोष्टी आवडतात ना? मग हे वाच." पुस्तक मुळात जपानी, रेकी कावाहारा यांचं 'स्वोर्ड आर्ट ऑनलाइन'. आधी इंटरनेटवर लिहिलेलं, २००९ साली छापून आलेलं, २०१२ पासून पडद्यावर. आपली मुलं काय वाचतात हे कळावं म्हणून वाचायला घेतलं आणि दोन दिवसांत संपवलं.

गोष्ट अशी. दहा हजार माणसं डोक्यावर यंत्र चढवून एका व्हिडिओ गेममध्ये शिरतात. आत गेल्यावर कळतं, बाहेर पडायचं बटणच नाही. खेळ रचणारा सांगतो, शंभर मजले चढा, मग सुटाल. इथे मेलात तर खरोखरच मेलात.

मैत्रिणींनो, एका गोष्टीतून दोन जगांत वावरणं आम्हा देवासकरांना नवं नाही. १९४८ पर्यंत या एवढ्याशा गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं होती. आणि पटावरच्या संसारात अडकणं जैनांना तर मुळीच नवं नाही. आपली ज्ञानबाजी आठवा. तिच्या पटावर बहुधा ८४ घरं, शिड्या आणि साप, आणि सगळ्यांत वर सिद्धशिला. चौदा गुणस्थानांतही अकराव्या पायरीवर पोचलेला जीव खाली येतो, कारण त्याचा मोह फक्त दबलेला असतो, गेलेला नसतो.

फरक आहे तो चढण्याच्या रीतीत. या कादंबरीत राक्षस मारायचे, गुण जमवायचे आणि बलवान व्हायचं. आपल्याकडे जमवल्याने जीव वर जात नाही, झडल्याने जातो. आपण त्याला निर्जरा म्हणतो. पानापानांवर मारामारी वाचून माझा जीव विटला, हे खरं सांगते.

पण पुस्तकाचं मन मारामारीत नाहीच. नायक किरितो आणि असुना बाविसाव्या मजल्यावर रानात लाकडी घर घेतात, रांधतात, एका हरवलेल्या मुलीला सांभाळतात. पुढे कळतं, ती युई माणूस नाही, खेळातला एक प्रोग्राम आहे. खेळाडूंची मनं जपायला तिला घडवलं होतं. मग तिच्यासाठी रडायचं की नाही? जाणणं आणि अनुभवणं हे जीवाचं लक्षण, असं आपण पाठशाळेत शिकलो. लेखकाने तोच प्रश्न एका बापाच्या मांडीवर ठेवला आहे. ही पानं फार चांगली उतरली आहेत.

दोन ठिकाणी मात्र लेखक कचरला. मरण खरं, असा नियम त्याने स्वतःच घातला, आणि शेवटी नायकासाठी तोच वाकवला. आदिनाथांनाही अंतराय कर्मामुळे महिनोन्‌महिने आहार मिळाला नाही, त्यांना कोणी सवलत दिली नाही. दुसरं असुनाचं. पहिल्या भागात ती मोठ्या लढाऊ पथकाची उपप्रमुख, तलवारीत भल्याभल्यांना भारी. पुढच्या कथेत तिला सोन्याच्या पिंजऱ्यात बसवली, सोडवायला किरितो येईपर्यंत. भाचीला विचारलं तर म्हणाली, "मावशी, तिथेच मी पुस्तक आपटलं होतं." शाबास!

असं का होतं? कारण ही गोष्ट वाचणाऱ्याला राजा करायला निघते. पुस्तक उघडणाऱ्या प्रत्येक मुलाने किरितो व्हायचं. मग त्याला हरवायचं कसं? आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या कोणाला मोठं होऊ द्यायचं कसं?

इथे मला आमच्या शेजारच्या धारचा धनपाल आठवतो. भावामुळे जैन झालेला कवी. बहीण सुंदरी हिच्यासाठी त्याने प्राकृत शब्दकोश रचला. भोजराजाच्या काळात त्याने 'तिलकमंजरी' लिहिली. विद्याधरांची, पूर्वजन्माची, अद्भुताने भरलेली गद्यकथा. दंतकथा सांगते, राजा म्हणाला, नायकाच्या जागी मला घाल. धनपालाने नकार दिला. राजाने पोथी अग्नीत टाकली. घरी बाप सुन्न बसला, तेव्हा लेकीने आठवेल तेवढी कथा तोंडपाठ म्हणून दाखवली. उरलेलं त्याने पुन्हा लिहिलं आणि कथेला लेकीचं नाव दिलं.

घडलं असेल नसेल, पण अद्भुतकथेची परीक्षा मला यात दिसते. राजाला कथेत स्वतःला पाहायचं होतं. लेकीने ती दुसऱ्या कोणाची म्हणून ऐकली, म्हणूनच तिला आठवली.

तेव्हा मुलांच्या हातातून ही पुस्तकं हिसकावू नका. स्वतः वाचा, आणि जेवताना एवढंच विचारा, "या गोष्टीत तुझ्याशिवाय आणखी कोण होतं रे?" बाहेर पडायचं बटण तिथेच कुठेतरी आहे.