'ती फुलराणी' : इंग्रजांची उच्चाराची खोड आणि मराठी बोली

बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन' हे नाटक १९१४ साली लंडनच्या रंगभूमीवर आले. इंग्रजी समाजाच्या एका विक्षिप्त खोडीवर ते उभे आहे. माणसाने तोंड उघडताच त्याची शाळा, वस्ती आणि पायरी ओळखायची, ही ती खोड. फुलवाली एलायझा 'ह' गाळून बोलते. तेवढ्यावरून तिला फुलांच्या दुकानात नोकरी मिळत नाही. ही खोड पुढेही गेली नाही. १९४१ मध्ये बीबीसीने यॉर्कशायरी हेल असलेल्या विल्फ्रेड पिकल्स यांना बातम्या वाचावयास दिल्या, तेव्हा श्रोत्यांनी तक्रारी केल्या होत्या.

इंग्रजांच्या तऱ्हा प्रत्यक्ष पाहून 'अपूर्वाई' (१९६०) लिहिणाऱ्या पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये या नाटकाचे 'ती फुलराणी' हे रूपांतर रंगभूमीवर आणले. भक्ती बर्वे यांची मंजुळा गाजली. संवादांचे कौतुक पुष्कळ झाले; इंग्रजांची ही खोड मराठीत कोणत्या रूपाने आली, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

लंडनमध्ये 'ह' जे काम करतो ते मराठीत 'ण' करतो. 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हणणाऱ्याला आडनाव विचारावे लागत नाही. तिकडे उच्चारावरून वर्ग कळतो, इकडे वर्गाच्या अगोदर जात कळते. जहागीरदार आणि साळुंके या आडनावांत पु. लं.नी तिची चाहूल दिली आहे; परंतु नाटकातील संघर्ष सुशिक्षित व अशिक्षित या भेदापलीकडे फारसा जात नाही. शॉ यांचा रोख उच्चभ्रूंवर आहे. एलायझा कमावलेल्या उच्चारांत आपल्या वस्तीतील गोष्टी सांगते, तेव्हा दिवाणखान्यातील मंडळी ती नवी फॅशन समजतात. मराठी प्रेक्षक मात्र बहुधा मंजुळेच्या उच्चारांनाच हसत आला. हे हसू निरागस मानता येत नाही.

कर्नाटक सीमेलगतच्या उमरगा परिसरात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. १९४८ पर्यंत येथे निजामाचा कारभार उर्दूतून चालला; शेजार कन्नडचा. विद्यार्थ्याच्या मराठीत या दोहोंचे शब्द आणि हेल येणे स्वाभाविक आहे. त्यावर 'अशुद्ध' असा शेरा मारताना पुण्याच्या बोलीलाच शुद्धतेचे माप मानले जाते, याचा विचार प्राध्यापकवर्गात क्वचितच होतो. प्रमाणभाषा शिकविणे आवश्यकच आहे, कारण स्पर्धा परीक्षा आणि मुलाखती त्याच भाषेत होतात. तथापि प्रमाणभाषा शिकविणे वेगळे आणि घरची भाषा टाकावयास लावणे वेगळे.

शॉ यांच्या नाटकात एलायझा आपल्या शिक्षणाचे श्रेय ध्वनिशास्त्रज्ञ हिगिन्सला देत नाही. कर्नल पिकरिंगने पहिल्या दिवशी तिला आदरार्थी नावाने हाक मारली, तेथून आपले शिक्षण सुरू झाले असे ती सांगते. त्या दिवशी तिचा एकही उच्चार सुधारलेला नव्हता.