घुंगरांची साक्ष

पक्षाघाताने वा कंपवाताने अडलेला देह नादाच्या साहाय्याने पुन्हा चालता करावयाचा, ही कल्पना आता वैद्यकात रुळली आहे. मात्र तिचे कौतुक करताना दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ होते.

पहिली गोष्ट म्हणजे बाहेरून दिलेला ताल. मायकेल थाउट व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत १९९६ साली कंपवाताच्या व १९९७ साली पक्षाघाताच्या रुग्णांना ठेक्यावर चालविले. त्यांची चाल जलद झाली, पाऊल लांब पडू लागले. टाळाच्या ठेक्यावर पावली घालणाऱ्या आपल्या दिंडीकरांस यात नवल वाटू नये.

दुसऱ्या प्रकारात देह तालाच्या मागे जात नाही. देहाची हालचालच नाद उत्पन्न करते. जर्मनीतील हानोव्हर येथील संगीत-वैद्यकाच्या अभ्यासकांनी पक्षाघाताने दुबळ्या झालेल्या हातांची हालचाल यंत्राने टिपून तिचे स्वरांत रूपांतर केले. हात वर गेला की स्वर चढे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या लहानशा प्रयोगात नादासह सराव करणाऱ्यांची सांधेदुखी घटली व त्यांच्या हालचालीत सफाई आली. नर्तकाच्या पायातील घुंगरू हेच करते. पाऊल कसे पडले, याची ते तत्क्षणी साक्ष देते. ज्याची स्वतःच्या अवयवाची जाणच मंदावली आहे, त्याला ही साक्ष मोलाची होय.

तथापि साक्ष खरी असली पाहिजे. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने काव्यास लावलेली औचित्याची कसोटी येथेही लावावी. दुबळा हात उचलताना रुग्ण नकळत खांदा उचलतो, धड झुकवितो. अशाही वेळी स्वर गोडच उमटला, तर ती रुग्णाची खुशामत ठरेल. शिवाय शरीर-शिक्षणाचे अभ्यासक १९८४ पासून बजावीत आले आहेत की, प्रत्येक कृतीला तत्काळ मिळणारे उत्तर सरावात उपकारक दिसले, तरी ते काढून घेताच कौशल्य ढासळू शकते. म्हणून नाद क्रमाक्रमाने विरळ करीत न्यावा.

बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात या विषयाला आणखी एक अंग आहे. येथे घरी मराठी, कचेरीत कानडी व बाजारात दखनी बोलणारी माणसे आहेत. पक्षाघाताने वाचाही अडखळली, तर वृद्धाला परभाषेतील सूचना कशी उमजावी? नादाला दुभाषा लागत नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे श्रीमाणिकप्रभू (१८१७–१८६५) यांनी मराठीत, कानडीत व हिंदीतही पदे रचली; ती गाताना हातातील झांज मात्र तीच राहते.

याचा अर्थ भजनाने वैद्याची जागा घ्यावी असा नव्हे. परंतु महागड्या यंत्राची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. जाणत्या उपचारकाने मनगटास वा घोट्यास घुंगरू बांधून त्याचा नाद ऐकावयास शिकविले, तरी या तत्त्वाचा आरंभ होऊ शकतो. उपचाराचे यश मात्र नादाच्या माधुर्यावर मोजू नये. घुंगरू सोडल्यानंतर आजोबा देवळाची पायरी कशी चढतात, यावर मोजावे.