‘अज्ञात शक्ती’ : एका विशेषणाची चिकित्सा

निर्मनुष्य प्रदेशात घडलेल्या गूढ मृत्यूंविषयीचे लेखन हा आता एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच होऊन बसला आहे. या लेखनाची चर्चा बहुधा त्यात मांडलेल्या उपपत्तींच्या अंगाने होते. त्याच्या भाषेकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः गूढतेचा बराचसा भाग घटनेत नसून तिच्या कथनात, आणि विशेषेकरून भाषांतरात, असतो. उत्तर उरल पर्वतातील द्यातलोव खिंडीच्या प्रकरणावरून हे विधान पडताळून पाहता येईल.

१ फेब्रुवारी १९५९ च्या रात्री खोलात-स्याखल या पर्वताच्या उतारावर तंबू ठोकून राहिलेला, इगोर द्यातलोव याच्या नेतृत्वाखालील नऊ जणांचा चमू मृत्युमुखी पडला. त्यांत सात पुरुष व दोन स्त्रिया होत्या. बहुतेक जण स्वेर्दलोव्स्क येथील उरल पॉलिटेक्निक संस्थेचे विद्यार्थी वा पदवीधर होते. २६ फेब्रुवारीस तंबू सापडला, तो आतून फाडलेला होता. पुरेसे कपडे व पादत्राणे न घालता सारे जण उतारावरून जंगलाच्या दिशेने गेले होते. शेवटचे चार देह मे महिन्यात एका ओढ्याच्या घळीत बर्फाखाली मिळाले. सहा जण थंडीने गारठून, तर तिघे छातीच्या किंवा कवटीच्या गंभीर दुखापतींनी मरण पावले होते. मे १९५९ च्या अखेरीस चौकशी बंद करण्यात आली.

चौकशी बंद करताना अधिकाऱ्याने मृत्यूचे कारण म्हणून ‘स्तिखीयनाया सीला’ हे शब्द योजले, आणि तिच्यावर मात करणे त्या नऊ जणांच्या आवाक्यात नव्हते, असे नोंदविले. ‘स्तिखिया’ म्हणजे निसर्गातील महाभूत. पूर, वादळ, भूकंप यांसारख्या आपत्तींसाठी रशियन भाषेत हेच विशेषण रोजच्या वापरात आहे. मराठीत त्याला सर्वांत जवळचा शब्द ‘अस्मानी’ हा होय. अस्मानी संकट म्हटल्याने नेमके कोणते संकट ते कळत नाही. परंतु ते मानवी बुद्धीपलीकडचे आहे असेही कोणी समजत नाही. इंग्रजी लेखनात मात्र या शब्दांना ‘अज्ञात’ हे विशेषण येऊन चिकटले. २०२१ मधील एका माहितीपटाचे तर शीर्षकच ‘ॲन अननोन कम्पेलिंग फोर्स’ असे आहे. मूळ वाक्यात ‘अज्ञात’ नाही. ज्या एका शब्दावर साऱ्या गूढतेचा भार आहे, तोच प्रक्षिप्त आहे.

स्थलनामांचीही हीच गत झाली. त्या भागातील मान्सी लोकांची भाषा उग्रिक गटातील, म्हणजे हंगेरियनची दूरची आप्त. ‘स्याखल’ म्हणजे पर्वत. ‘खोलात’चा अर्थ कोणी ‘मृतांचा’ असा करतात, तर कोणी ‘मृत’, म्हणजे उजाड, शिकार न मिळणारा, असा करतात. यांपैकी कोणताही अर्थ स्वीकारला तरी नाव १९५९ पूर्वीचे आहे, आणि म्हणून ते घटनेची साक्ष देऊ शकत नाही. आपल्याकडे वेल्हे भागातील मढे घाटाचे नाव परंपरा तानाजी मालुसरे यांचे शव त्या वाटेने नेल्याच्या स्मृतीशी जोडते; नावात मढे आहे म्हणून घाट पुढे कोणाचा बळी घेईल, असे अनुमान कोणी काढत नाही. चमूचे ईप्सित शिखर जे ओतोर्तेन, त्याचा ‘तिकडे जाऊ नका’ हा बहुश्रुत अर्थ तर त्याहून दुर्बल आहे. स्थलनामांचे अभ्यासक या नावाचा संबंध वारा सोडणाऱ्या पर्वताच्या मान्सी नावाशी जोडतात. खुद्द त्या शिखराचे मान्सी नाव हंसाच्या घरट्यावरून पडलेले आहे.

तिसरा मुद्दा प्रयोगाचा. शवचिकित्सेत एका मृत स्त्रीच्या मुखात जीभ नसल्याची नोंद आहे. ‘जीभ नव्हती’ या वाक्यात कर्त्याला जागा नाही. लोकप्रिय लेखनात त्याचे ‘जीभ कापली होती’ असे रूपांतर होते, आणि क्रियापद बदलताच एक अदृश्य कर्ता आपोआप उभा राहतो. तो देह वाहत्या पाण्यात, मृत्यूनंतर तीन महिन्यांनी सापडला, ही माहिती मग गौण ठरते.

याचा दोष केवळ भाषांतरकारांवर टाकणे अन्यायाचे होईल. मूळ निर्णयच इतका पोकळ होता की, त्यात कोणीही काहीही भरावे. हिमपात, वादळ, हिमस्खलन यांपैकी एकाचेही नाव न घेता त्याने प्रश्न मिटविला. आप्तांना उत्तर मिळाले नाही. मान्सींच्या वाट्याला तर अधिकच अन्याय आला. प्रारंभी त्यांच्यावर संशय घेण्यात आला; तंबू आतून फाडल्याचे सिद्ध झाल्यावर तो निराधार ठरला. तथापि ‘मृतांचा पर्वत’, ‘निषिद्ध शिखर’ अशा अनुवादांनी तोच संशय पवित्र भूमीच्या कल्पित कथेच्या रूपाने जिवंत ठेवला. एका लहान भाषिक समाजाची भाषा येथे त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली.

याउलट २०२१ मध्ये योहान गोम व अलेक्झांडर पुझ्रिन यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनाची भाषा पाहावी. तंबूसाठी उतार कापल्यानंतर वाऱ्याने बर्फ साचत जाऊन साधारण ७.५ ते १३.५ तासांनी हिमाचा थर सुटू शकला असता, आणि त्यातून अशा दुखापती संभवतात, असे त्यांनी गणिताने दाखविले. मात्र तंबू सोडल्यानंतर काय घडले, हे सांगण्याचा दावा त्यांनी केला नाही. रशियाच्या अभियोक्ता कार्यालयानेही २०२० मध्ये हिमस्खलनाचाच निष्कर्ष काढला होता. तो सर्वांना मान्य झालेला नाही. हिमस्खलनाची उपपत्ती अंतिम ठरो वा न ठरो, ‘संभाव्य’ या शब्दाची मर्यादा पाळणारे लेखन आणि ‘अज्ञात’ या शब्दावर पोसलेले लेखन यांतील भेद कायम राहतो.

‘कारण कळलेले नाही’ हे आपल्या ज्ञानाविषयीचे विधान आहे. ‘अज्ञात शक्तीने मारले’ हे जगाविषयीचे विधान आहे. पहिल्यापासून दुसऱ्याकडे नेणारा मार्ग पुराव्याचा नसून केवळ व्याकरणाचा आहे. नऊ तरुण-प्रौढ माणसे थंडीत, काळोखात, जगण्याची धडपड करीत मेली. त्या मृत्यूंविषयी लिहिणाऱ्याने एकही विशेषण पदरचे घालू नये, एवढी अपेक्षा समीक्षकाने ठेवावी.