‘नाळ’ आणि स्वयंदत्त मूल

मराठी समीक्षेच्या परिभाषेत काही शब्द असे आहेत की जे संज्ञा म्हणून कधी तपासले गेले नाहीत आणि तरीही निकष म्हणून सर्रास राबवले जातात. ‘नाळ’ हा त्यांपैकी एक होय. अमुक लेखकाची मातीशी नाळ जुळलेली आहे, तमुकाची तुटली आहे, अशी विधाने ग्रामीण साहित्याच्या आणि १९८० नंतरच्या देशीवादी चर्चेत इतक्या सहजपणे येतात, की त्यांमागे एक रूपक उभे आहे याचाही विसर पडतो. हे रूपक जन्माचे आहे. आपलेपण हे जन्मासोबत मिळते, ते मिळवता येत नाही. फार तर टिकवता किंवा गमावता येते, असे त्यात गृहीत असते. ज्याचे जन्मस्थान आणि पालनस्थान एक नाही, त्याच्याविषयी या रूपकाला काहीही सांगता येत नाही.

सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या ‘नाळ’ (२०१८) या चित्रपटाने नेमके हेच शीर्षक घ्यावे, ही गोष्ट म्हणूनच विचार करण्याजोगी ठरते. ‘देऊळ’ (२०११) आणि ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटांचे छायालेखक असलेल्या यक्कंटी यांचे हे पहिले दिग्दर्शन. विदर्भातील एका नदीकाठच्या गावी राहणारा आठेक वर्षांचा चैतन्य, म्हणजे चैत्या, हा त्याचा नायक. आपली आई ही आपली जन्मदाती नव्हे, हे त्याला मामाच्या तोंडून कळते आणि तिथून त्याच्या लेखी घराचा अर्थच पालटतो. घर तेच, अंगण तेच, आईचे रागावणेही तेच. पण काल जे नुसते रागावणे होते ते आज पुरावा होऊन बसते.

चित्रपटाचे खरे सामर्थ्य या अवस्थांतराच्या चित्रणात आहे. चैत्या आईकडे पाहतो तो आता वाचकासारखा. तिची प्रत्येक कृती त्याच्यासाठी चिन्ह बनते आणि प्रत्येक चिन्हाचे दोन अर्थ संभवतात. मूळ संहिता कोणती आणि तिचे भाषांतर कोणते, असा प्रश्न पडल्यावर साधे जेवणाचे ताटदेखील निरागस राहत नाही. देविका दफ्तरदार यांनी सुमीची भूमिका करताना या द्व्यर्थाला कुठेही सोडवून टाकलेले नाही. भरतीचे वात्सल्य दाखवून प्रेक्षकाला आश्वस्त करण्याचा मोह त्यांनी टाळला, हे या भूमिकेचे मोठेपण. श्रीनिवास पोकळे या मुलाच्या चेहऱ्यावर संशय आणि आसक्ती एकाच वेळी वावरतात. त्याला मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार सार्थ होता. चित्रपटातील ‘जाऊ दे न व’ हे गाणे वरवर पाहता खेळायला जाऊ देण्याचा हट्ट आहे. वऱ्हाडी बोलीतील हे स्त्रीवाचक संबोधन ऐकताना मात्र जाणवते, की ज्या आईकडे जाण्याची परवानगी मागायची तिच्याच पदराला धरून ती मागितली जात आहे. पुढे मुलाला खरोखरीच दूर जायचे असते, आणि तेव्हा हे गाणे मागे फिरून वेगळ्या अर्थाने ऐकू येऊ लागते.

येथे भाषेचा एक प्रश्न उपस्थित होतो. चैत्याला काय म्हणावे? मराठीतील ‘दत्तक’ हा शब्द मुळात मुलाचा नाही, वारशाचा आहे. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले ते दत्तक नामंजूर करून, ही शालेय इतिहासातील ओळख या शब्दाला अजून चिकटलेली आहे. गादी, वतन, पिंडदान हे त्याचे सोबती. ‘पोसका’ हा शब्द कामाच्या अधिक जवळचा आहे, कारण त्यात पोसण्याची क्रिया दिसते. परंतु त्यालाही उपकाराचा वास येतो, आणि घरोघर तो टोमणा म्हणूनच अधिक वापरला गेला. कायद्याने ‘बालसंगोपन’ असा नेटका शब्द दिला. तो योजनेला शोभतो, हाकेला नाही. एकीकडे ‘माय मरो पण मावशी उरो’ म्हणणारी भाषा दुसरीकडे मावशीने वाढवलेल्या मुलासाठी एक निर्वैर नाम घडवू शकली नाही, यात आपल्या समाजरचनेविषयी बरेच काही आहे.

धर्मशास्त्राने मात्र या संदर्भात, अभावितपणे का होईना, एक अर्थपूर्ण संज्ञा मागे ठेवलेली आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांत औरस आहे, दत्त आहे, आईबापांनी टाकलेला आणि दुसऱ्याने उचललेला अपविद्ध आहे, आणि शेवटाकडे ‘स्वयंदत्त’ आहे. आईबापांवाचून राहिलेला किंवा त्यांनी विनाकारण टाकलेला जो मुलगा स्वतःच स्वतःला कुणाला तरी देऊन टाकतो, तो स्वयंदत्त. बाकी सर्व प्रकारांत मूल हे दिले, घेतले, विकले वा सापडले जाते. येथे फक्त ते कर्ता आहे. आणि म्हणूनच की काय, शास्त्राने त्याला बांधवांत गणले, पण वारसांत गणले नाही. आपलेपण चालेल, जमीन नाही! अपविद्धाला मात्र दोन्ही आहे. उचलून घेतलेल्या मुलाला वाटा आणि स्वतः चालत आलेल्याला नाही, हा भेद केवळ जुन्या कायद्याचा तपशील म्हणून सोडून देता येत नाही.

ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाची कथा या प्रकाशात पुन्हा वाचावी. अजीगर्ताला थोरला सोडवत नाही, त्याच्या पत्नीला धाकटा. मधला शुनःशेप शंभर गाईंना विकला जातो. यज्ञयूपाला त्याला बांधण्यासाठी बाप आणखी शंभर गाई घेतो आणि वधासाठी आणखी शंभर. मुलगा सुटल्यावर हाच बाप त्याला परत मागतो. शुनःशेप जात नाही. तो विश्वामित्राच्या अंकावर बसलेला असतो. जन्मदात्याला नकार देणारे हे आपल्या परंपरेतील बहुधा पहिले मूल. भक्तचरित्रांच्या एका परंपरेत गंगाखेडची जनाबाई आईबापांबरोबर पंढरपूरला आली आणि परत जायला तिने नकार दिला, असे सांगितले जाते. नामदेवांच्या घरी ती वाढली, राबली, आणि मराठी भाषेतील सर्वांत धीट कवितांपैकी काही कविता तिच्या नावावर जमा झाल्या. स्वतःला ‘दासी’ म्हणवून घेणाऱ्या या स्वयंदत्त मुलीची ‘नाळ’ कुठे पुरली होती, असे कुणी विचारत नाही.

‘नाळ’मधील चैत्या या परंपरेत कुठे बसतो? कथानकाच्या पूर्वार्धात त्याला दिलेले स्थान तो सोडू पाहतो, जन्मदातीकडे निघण्याची तयारी करतो. हा स्वयंदत्ताच्या उलटा प्रवास होय. त्याला निवड करायची नाही. निवडीच्या आधीचे, प्रश्नातीत असे काही हवे आहे. चित्रपटातील म्हैस आणि तिचे रेडकू हे उपकथानक याच प्रश्नाभोवती फिरते. खेड्यात रेडकू दगावले की त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवतात आणि ती पान्हा सोडते. पान्हा खरा, रेडकू खोटे. मग नाते कोणते म्हणायचे? मुलाच्या मनात हा प्रश्न सिद्धान्त म्हणून नव्हे, तर धास्ती म्हणून येतो. आपण त्या पेंढा भरलेल्या रेडकासारखे तर नाही ना?

मात्र एक मर्यादा नोंदवायला हवी. चैत्याची जन्मदाती कोण, कुठल्या गावची, हे मोठ्यांना ठाऊक आहे. ती भेटू शकते. पार्वती हे तिला नाव आहे. म्हणून या चित्रपटातील आपलेपणाचा पेच कितीही उत्कट असला, तरी तो ओळखीच्या वर्तुळातच राहतो. ज्या मुलाची जात, धर्म, गाव यांपैकी काहीच सांगता येत नाही, त्याला घरात घेण्याची जोखीम येथे कुणी घेत नाही. ‘नाळ’ हा शब्द सुरक्षितपणे उच्चारता येतो तो या हमीमुळे.

ही हमी नसलेल्या ठिकाणी हा चित्रपट कसा वाचला जाईल? भिवंडीचे उदाहरण घ्यावे. ठाणे जिल्ह्यातील हे यंत्रमागांचे शहर जवळजवळ संपूर्णपणे बाहेरून आलेल्यांनी विणले आहे. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, पद्मानगरातील तेलुगू पद्मशाली, कोकणातून आणि देशावरून आलेली मराठी कुटुंबे, आणि यांच्या आधीपासूनचे आगरी व कोकणी मुसलमान. १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली या शहराने पाहिल्या, आणि दोन्ही वेळा ‘आपले’ आणि ‘बाहेरचे’ या शब्दांनी माणसांचे जीव घेतले. ‘भूमिपुत्र’ हादेखील शेवटी नाळेच्याच कुळातील शब्द. त्याच जिल्ह्यात अल्पवयीन मुलांच्या बातम्यांत भिवंडीच्या बालसुधारगृहाचा उल्लेख वारंवार येतो. ‘घर’ हा तद्भव शब्द टाकून शासन अशा वास्तूंसाठी ‘गृह’ हा तत्सम वापरते, ही नुसती प्रशासकीय सवय नसावी. गृहातून मुले पळतात. घरातून पळणाऱ्या मुलालाही बहुधा तिथेच आणून ठेवतात.

याच शहरातील विणकरांच्या समाजाने कबीराला आपला मानले आहे. आख्यायिका सांगते, की काशीजवळच्या लहरतारा तलावाकाठी सापडलेले ते मूल नीरू आणि नीमा या विणकर दांपत्याने वाढवले. कबीराने पुढे जन्माचा शोध घेतला नाही, जुलाह्याचे काम घेतले, आणि तेच त्याच्या कवितेची प्रतिमासृष्टी झाले. मातीऐवजी मागाशी जुळलेल्या या संबंधासाठी मराठी समीक्षेजवळ कोणते रूपक आहे? ताणा आणि बाणा एकाच ठिकाणी जन्मलेले नसतात, आणि कापड होण्यासाठी तशी अटही नसते.

‘नाळ २’ (२०२३) या उत्तरभागाकडे या दृष्टीने पाहिले तर त्याचे महत्त्व त्याच्या लोभसपणापेक्षा अधिक वाटू लागते. त्याला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याची चर्चा बहुतांशी मुलांच्या गोड अभिनयापुरती राहिली. वस्तुतः चैत्या येथे जन्मदातीच्या गावी पोहोचतो, त्याला मणी हा भाऊ आणि चिमी ही लहान बहीण भेटते, आणि ही चिमी त्याला भाऊ मानायलाच तयार नसते. पहिल्या भागात ज्या रक्ताच्या नात्याची त्याला ओढ होती, ते नाते प्रत्यक्षात आयते मिळत नाही. ते पोसावे लागते, दिवसागणिक. पहिल्या भागाने शीर्षकाला दिलेला मान दुसऱ्या भागातील चार-पाच वर्षांची मुलगी सहज काढून घेते. त्रिशा ठोसर या बालकलाकाराचा तो रुसवा अभिनय म्हणून जितका देखणा आहे, तितकाच युक्तिवाद म्हणून बिनतोड आहे. दिग्दर्शकाला हे कितपत अभिप्रेत होते, हा वेगळा प्रश्न. निसर्गदृश्यांच्या सौंदर्यात तो अनेकदा रमतो आणि प्रश्नाची धार बोथट होते, हेही खरे.

दार्देन बंधूंच्या ‘द किड विथ अ बाइक’ (२०११) मध्ये बालगृहात राहणारा सिरिल टाळणाऱ्या बापाच्या शोधात धावत असतो आणि एका केशकर्तनकार स्त्रीला, ओळख नसताना, आपल्याला शनिवार-रविवारी घरी नेण्यास सांगतो. अस्सल स्वयंदत्त तो हाच. मात्र त्याच्या मागे एक कल्याणकारी राज्य उभे आहे आणि त्या राज्याला सिरिलचा बाप कुठे राहतो हे शोधून काढता येते. मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे!’ (१९८८) मधील कृष्णाजवळ तेही नाही. आईने पाचशे रुपये आणल्याशिवाय परत येऊ नको असे बजावलेला हा मुलगा मुंबईत पैसे साठवतो, पत्रलेखकाकडून आईला पत्र लिहून घेतो. पण गावाचा नीट पत्ता त्याला सांगता येत नाही, आणि पत्रलेखक ते पत्र फेकून देतो. चैत्याजवळ निदान एक पत्ता होता. कृष्णा सुधारगृहातून पळतो, पुन्हा रस्त्यावर येतो, आणि गर्दीतून बाजूला होऊन एकटाच बसतो, हातात भोवरा घेऊन.