इकडचे-तिकडचे

माझी भाची यंदा सातवीत आहे. गेल्या उन्हाळ्यात ती महिनाभर आमच्याकडे राहून गेली आणि जाताना एक दोनशे पानी वही मागे ठेवून गेली. विसरली असे मी समजत होतो. मागाहून कळले की मुद्दामच टाकून गेली होती. वहीवर ठळक अक्षरांत 'मला आवडलेली पुस्तके व गमती' असे लिहिलेले, भोवती वेलबुट्टी, आणि आत चाळीसएक पाने भरलेली. शेवटच्या भरलेल्या पानाच्या समासात तांबड्या शाईचा शेरा होता : 'पुस्तकाविषयी लिही. इकडचे-तिकडचे नको.' त्यापुढची सारी पाने कोरी.

तांबड्या शाईची बाजू मला चटकन कळली, हे प्रथम कबूल केले पाहिजे. पुस्तकांची परीक्षणे लिहिण्यात माझी वीस-बावीस वर्षे गेली. नव्या लेखकांच्या, नव्या टीकाकारांच्या लेखांतले इकडचे-तिकडचे मीही पुष्कळ छाटले आहे. कथानक, व्यक्तिरेखा, भाषाशैली, संदेश या चार खुंट्यांना पुस्तक टांगले की लेख झाला. भाचीच्या वहीत यांतली एकही खुंटी नव्हती. म्हणून ते पान मी जरा वडीलकीच्या नजरेनेच वाचायला घेतले.

पान ज्यूल्स व्हर्नच्या ऐंशी दिवसांतल्या जगप्रवासाविषयी होते. ही कादंबरी १८७२ साली पॅरिसच्या एका दैनिकात क्रमशः आली आणि १८७३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. लंडनचा फिलिअस फॉग क्लबातल्या मित्रांशी वीस हजार पौंडांची पैज लावून २ ऑक्टोबर १८७२ रोजी निघतो. २१ डिसेंबरच्या रात्री पावणेनऊपर्यंत त्याने परत आले पाहिजे. तो पोचतो तेव्हा पाच मिनिटे उशीर झालेला असतो. पैज हरलो असे मानून तो घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी उमगते की आपण सतत पूर्वेकडे गेलो, त्यामुळे आपल्या मोजणीत एक दिवस अधिक पडला आहे. लंडनमध्ये तारीख अजून वीसच होती. (गुपित फोडल्याबद्दल न वाचलेल्यांची क्षमा मागतो, दीडशे वर्षांनी ते गुपित राहिलेले नाही.)

भाचीने प्रथम मराठी संक्षेप वाचला आणि मग हट्टाने पूर्ण इंग्रजी प्रत मागून घेतली. दिवस कसा वाढतो हे कळावे म्हणून तिने देवघरातले निरांजन आणि एक मोसंबे घेऊन आजीला कामाला लावले. दर अंशाला चार मिनिटे, तीनशे साठ अंशांना चोवीस तास, हे तिने मांडून दाखविले आहे. इथवर ठीक. शेरा पडला तो पुढच्या मजकुरावर.

निघण्याच्या गडबडीत फॉगचा नोकर पासपार्तू आपल्या खोलीतला गॅसचा दिवा मालवायला विसरतो. गाडीत आठवण झाल्यावर तो हळहळतो, तर मालक शांतपणे सांगतो की तो तुझ्या खर्चाने जळेल. शेवटी बक्षीस देताना फॉग खरोखरच १९२० तासांच्या गॅसचे पैसे कापून घेतो. आपण हसतो आणि पान उलटतो. माझी भाची लिहिते : '८० गुणिले २४ म्हणजे १९२०. पण हे चूक आहे. दिवा लंडनमध्येच होता. तो कुठे पूर्वेकडे गेला? लंडनमध्ये ७९ च दिवस झाले. म्हणजे १८९६ तास. पासपार्तूचे २४ तासांचे पैसे उगीच कापले.'

मी ही कादंबरी आजवर चार वेळा तरी वाचली असेन. हे माझ्या कधी ध्यानात आले नाही. मुकाट्याने कपाटातली प्रत काढून ताडा घेतला. फॉग घरी परतला ती रात्र २० डिसेंबरची, दिवा मालवला तो त्याच रात्री. २ ऑक्टोबरपासून मोजले की एकोणऐंशीच दिवस भरतात. पोरीचे बरोबर होते.

आता हे इकडचे-तिकडचे म्हणावयाचे काय? साऱ्या कादंबरीचा डोलारा ज्या एका दिवसावर उभा आहे, तो दिवस फॉगच्या मोजणीत होता, जगात नव्हता. ही गोष्ट तिला इतकी नेमकी समजली की शेवटच्या पानावर खुद्द लेखकाची नजर चुकली तेथे तिची चुकली नाही. शिवाय फॉगविषयी आम्ही टीकाकार 'घड्याळासारखा माणूस' एवढेच लिहून मोकळे होतो. घड्याळासारख्या त्या माणसाने आपल्या गड्याला चोवीस तासांचा भुर्दंड घातला, हे त्याच्या व्यक्तिरेखेविषयी काही सांगते की नाही? 'हिशेबी आहे पण हिशेब चुकतो,' असे तिने पुढे लिहिले आहे. तांबडी रेघ नेमकी त्या वाक्याखाली होती.

मग मी वही पहिल्या पानापासून वाचली. सगळेच काही असे नाही. 'खूपच छान' हे शब्द इतक्या वेळा येतात की त्यांतला गोडवा जातो. आवडलेल्या लेखकाला सर्व माफ, हा तिचा दोष आहे. तो वयाने जाईल, आणि जाताना बरेच काही घेऊन जाईल याची मला खंत आहे. पण एक गुण तिच्यात आहे जो आमच्या धंद्यात मला क्वचित आढळला. व्हर्नच्या समुद्राखालच्या प्रवासात माशांच्या लांबलचक याद्या येतात. त्यांविषयी ती सरळ लिहिते, 'माशांची नावे आली की मी पान उलटते.' आम्ही गाळलेली पाने कधी कबूल करीत नाही.

याच पुस्तकाच्या नावातल्या वीस हजार लीगांचा तिने लावलेला हिशेब पहा. लीग चार किलोमीटरची धरली तर ऐंशी हजार किलोमीटर झाले. इतके खोल जाऊ म्हटले तर पृथ्वीच्या व्यासाच्या सहापट जावे लागेल. तेव्हा हा आकडा खोलीचा नसून समुद्राखालून कापलेल्या अंतराचा आहे. नाव वाचून 'केवढे खोल!' म्हणणाऱ्या मोठ्या माणसांत मीही होतो.

आमच्या घरांत व्हर्न आला तो बहुतांशी भा. रा. भागवतांच्या हातून. फास्टर फेणेचे हे जनक (१९१०–२००१) व्हर्नवर लुब्ध होते. त्याची कितीतरी पुस्तके त्यांनी मराठी मुलांपुढे ठेवली. भाचीच्या लिखाणात मला भागवतांचाच वारसा दिसतो : गोष्ट आणि माहिती ही दोन वेगळी ताटे आहेत असे तिला वाटतच नाही. अलाहाबादच्या अलीकडे रेल्वे संपते म्हणून फॉगला हत्ती विकत घ्यावा लागतो. वर्तमानपत्रांनी मार्ग पुरा झाल्याचे छापले होते, त्यावर गार्ड म्हणतो की वर्तमानपत्रे चुकली. तिने शोधून काढले की मुंबई-कलकत्ता मार्ग १८७० मध्येच जोडला गेला होता. म्हणजे कादंबरीतली वर्तमानपत्रे खरी आणि गार्ड खोटा! 'बरे झाले खोटे बोलला, नाहीतर हत्ती मिळाला नसता,' हा तिचा निर्वाळा. याच प्रवासात फॉग ज्या औदाला चितेवरून सोडवतो, ती मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी. दादरला शेजारी राहणाऱ्या पारशी मावशींना भाचीने याबद्दल विचारले, तर त्या पोट धरधरून हसल्या. हेही वहीत आहे.

वहीतली सर्वांत मोठी नोंद कॅप्टन नेमोवर आहे. १८७० च्या पुस्तकात हा पाणबुडीचा धनी कोण, कुठला, हे सांगितलेले नाही. व्हर्नच्या मनात तो रशियाने चिरडलेला पोलिश सरदार होता. रशियातली विक्री बुडेल म्हणून प्रकाशक हेट्झेलने ते होऊ दिले नाही. पुढे १८७४-७५ च्या 'गूढ बेटा'च्या गोष्टीत नेमो मरणशय्येवर सांगतो की आपण बुंदेलखंडच्या राजाचे पुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात लढलो, घरदार गमावले. मराठी मुलीला हे वाचून काय वाटले असेल! तिने लगेच मागे जाऊन सिंहलद्वीपाजवळचे प्रकरण पुन्हा वाचले. तेथे नेमो एका गरीब हिंदी पाणबुड्याला शार्कच्या तोंडून वाचवतो, मोत्यांची पिशवी देतो आणि आपणही दडपलेल्यांच्याच देशाचे असे बोलून जातो. 'मला तेव्हाच कळायला हवे होते,' असे तिने लिहिले आहे. तिला कळणे शक्य नव्हते. तेव्हा ते बहुधा व्हर्नलाही माहीत नव्हते.

नेमो टिपू सुलतानाचा 'नेफ्यू' आहे असेही व्हर्न सांगतो. इंग्रजीत एवढ्यावर भागते. मराठीत भाचा की पुतण्या ते ठरवावे लागते, आणि ठरवू गेले की घोटाळा उघडा पडतो. बाप बुंदेलखंडचा राजा, तर टिपूची बहीण त्या घरी कशी पडली? भाचीने भले मोठे प्रश्नचिन्ह काढले आहे.

श्रावणात मी तिला वही परत पाठवली आणि सोबत लिहून कळवले की याच व्हर्नने १८८० साली हिंदुस्थानावर आणखी एक कादंबरी लिहिली आहे. तीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती फिरती घरे ओढतो, आणि खलनायक आहे नानासाहेब पेशवा. नानासाहेब नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले, त्यांच्या अंताचा ठाव लागला नाही, याचा व्हर्नने फायदा घेतला. ही गोष्ट इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर फिरणारा एक फ्रेंच माणूस सांगतो, आणि त्यांतल्या कर्नलाची बायको कानपूरच्या कत्तलीत मेल्याचे समजले जात असते. हत्ती तिला आवडेल याची खात्री होती. बाकीचे कळवावे की नाही, याचा दोन दिवस विचार केला. आवडत्या लेखकावरचा तिचा विश्वास आपल्या हाताने का मोडावा? पण लपवणे मला अधिक वाईट वाटले.

महिनाभर उत्तर नाही. मग परवा तिच्या आईबरोबर वही आली. तांबड्या शेऱ्याच्या पुढच्याच पानावर मजकूर सुरू झाला होता, वेलबुट्टीशिवाय. 'मामा, सत्तावन्नमध्ये लढलेला नेमो चांगला आणि सत्तावन्नमध्ये लढलेले नानासाहेब वाईट, हे एकाच माणसाने सहा वर्षांत कसे लिहिले? गोष्ट कोण सांगतो त्याच्यावर असते का? मग नेमोची गोष्ट कर्नलाने सांगितली असती तर? आणि नानासाहेबांची पासपार्तूने?' यापुढे दोन पाने तिने खरोखरच पासपार्तूच्या तोंडून नानासाहेबांची गोष्ट लिहायला घेतली आहे. ती अर्धवट आहे, कारण पासपार्तू तराईच्या जंगलात वाट चुकला आहे.

या दिवाळीत ती इकडे येणार आहे. तिच्या प्रश्नांवर मी काही टिपणे काढली, पण चार खुंट्यांपैकी एकीलाही ती टांगता येईनात. तूर्त पोलादी हत्तीच्या पुस्तकाची पूर्ण प्रत मिळवून ठेवली आहे. आणि वहीच्या मलपृष्ठावर तिने पेन्सिलीने एक येणे मांडून ठेवले आहे, तेही कुणी खोडलेले नाही : 'फॉगकडून पासपार्तूला, २४ तासांचे.'