खोलीच्या बदल्यात नाव : बडोद्याची पारशी धर्मशाळा

संग्रामपुरात मुक्कामाच्या जागेचा विषय काढला की आपल्याला आधी शेगावचं भक्तनिवास आठवतं. पिशवी ठेवायची, नाव लिहून द्यायचं, खोली घ्यायची. आज मला त्या मधल्या गोष्टीबद्दल बोलायचंय, म्हणजे नाव लिहून देण्याबद्दल. आणि त्यासाठी जायचंय बडोद्याला, 1917 साली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटं आत्मकथनपर लेखन तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. 1935-36 च्या आसपास इंग्रजीत लिहिलेलं हे हस्तलिखित पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1990 मध्ये पुस्तिका म्हणून छापलं. त्यातला बडोद्याचा प्रसंग आपण 'अपमानाची कहाणी' म्हणून सांगतो. ते खोटं नाही, पण तेवढ्यावर थांबलं तर लेखक हातातून निसटतो.

प्रसंग असा. परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला येतात. राहायचं कुठे? पारशी धर्मशाळेत जातात. ती फक्त पारशांसाठी. पण उतारू कुणी येत नाही आणि रखवालदाराला चार पैसे हवे असतात. रोजचा दर दीड रुपया, आणि नोंदवहीत नाव पारशी लिहायचं. सौदा ठरतो. इथे बाबासाहेब स्वतःला जराही वाचवत नाहीत बघा. आपण खोटं नाव लिहिलं, हे ते सरळ सांगून टाकतात.

आता लेखनाकडे या. अकरा दिवसांच्या मुक्कामात जागा सर्वांत जास्त कुणी व्यापलीय? त्या इमारतीनं! वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, बाकी सगळा मोडक्या खुर्च्या-फळ्यांनी भरलेला दिवाणखाना, वटवाघळं, आणि रात्री एक छोटा कंदील. दुःख झालं, असं फार म्हणावंच लागत नाही. सामान घेऊन आलेला भाचा ती अवस्था बघून रडायला लागतो, एवढं पुरतं.

अकराव्या दिवशी सकाळी ते वाचनालयाची पुस्तकं परत करायला उचलतात, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजतात. त्यांना वाटतं, नवे उतारू आले. येतात ते काठ्या घेतलेले डझनभर पारशी! संध्याकाळपर्यंत जागा सोडायची. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडेही सोय होत नाही. रात्री नऊच्या मुंबई गाडीपर्यंतचा वेळ जातो कमाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत.

माझी एकच तक्रार आहे. प्रकरणाच्या शेवटी बाबासाहेब निष्कर्ष काढतात की हिंदूला जो अस्पृश्य, तो पारशालाही अस्पृश्यच. विधान खरं आहे. पण ती नोंदवही आणि तो कंदील यांनी ते आधीच सांगून झालंय, आणि जास्त खोलवर. हे लेखन बहुधा परदेशी वाचकासाठी, त्यामुळे तो खुलासा लेखकाला गरजेचा वाटला असावा. आपल्याला त्याची गरज पडू नये.

आता आपल्या विदर्भाकडे. शेंडगावचे गाडगेबाबा. त्यांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली. ज्यांना इतर ठिकाणी दार बंद, त्यांच्यासाठी. आणि 1949 मध्ये ती वास्तू त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. म्हणजे बघा, ज्या संस्थेनं पुढे बडोद्याची ही हकिगत छापली, तिच्याच हाती पंढरपूरची धर्मशाळा आली होती. एका धर्मशाळेत राहायला नाव लपवावं लागलं. दुसरीच्या तर दारावरच चोखोबाचं नाव!

शेगावची पालखी दरवर्षी पंढरपूरला पायी जाते. तुमच्यापैकी कुणी तिच्याबरोबर गेलात, तर मुक्कामी नाव लिहून देताना क्षणभर थांबा. आपलं खरं नाव बिनधास्त लिहिता येणं ही किती मोठी कमाई आहे, हे त्या पुस्तिकेनं आपल्याला शिकवलंय.