६१७४ च्या पुढचे कापरेकर

गेल्या वर्षी शिक्षकांच्या एका शिबिरासाठी जव्हारला जाणे झाले. शिबिर संपल्यावर जवळच्या एका शाळेत डोकावलो. भिंतीवर सुवाच्य अक्षरांतला तक्ता होता : वर कापरेकरांचे चित्र, खाली ६१७४ ही संख्या आणि ‘जादूची संख्या’ हे शब्द. आठवीच्या मुलांनी फळ्यावर एक उदाहरण बिनचूक करून दाखवले. मी विचारले, ‘‘दर वेळी ६१७४ च का येते?’’ थोडा वेळ कुणी बोलेना. मग मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘‘कापरेकरांनी शोधलंय ना सर, म्हणून.’’

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. कापरेकरांविषयीचे आपले लेख, भाषणे आणि तक्ते हेच सांगत आले आहेत. त्या सांगण्याची एकदा तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. डहाणू आज पालघर जिल्ह्यात आहे. १९३० ते १९६२ या काळात ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक होते. जव्हार-मोखाडा या दोन गावांच्या मधल्या वाटेवर येते. तेव्हा इथल्या शिक्षकांना कापरेकर दोन्ही बाजूंनी शेजारी, आणि पेशाने तर सहकारीच.

त्यांच्याविषयी दोन प्रकारे बोलले जाते. पहिला प्रकार गौरवाचा : खेड्यातला गरीब मास्तर, कुणी न शिकवता झालेला गणिती, ज्याची देशाने उपेक्षा केली. यात काही खरे आहे. त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठात जागा मिळाली नाही, अनेक प्राध्यापकांनी त्यांच्या कामाची थट्टा केली. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. पण ते आकाशातून पडले नव्हते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले. विद्यार्थी असतानाच, १९२७ साली, त्यांना स्वतंत्र गणिती कामासाठीचे रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले होते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चा गुणधर्म मांडला आणि १९५५ साली तो परदेशी नियतकालिकात छापून आला. चांगले महाविद्यालय, ग्रंथालय आणि परिषद यांचा त्यात वाटा होता. ‘कुणी न शिकवता’ म्हटले की आपण शिक्षकांचेच काम पुसून टाकतो.

दुसरा प्रकार नाक मुरडण्याचा. इंग्लंडचे थोर गणिती हार्डी यांनी १९४० च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात अंकांच्या अशा गमती कोडी देणाऱ्या सदरांपुरत्या ठरवल्या आहेत. गणितज्ञाला त्यांत घेण्यासारखे काही नाही, असा त्यांचा निकाल. हा आक्षेप कापरेकरांचे नाव घेऊन केलेला नसला तरी त्यांना लागू पडतो. तो कितपत खरा आहे, हे ६१७४ वरच पाहू या.

कापरेकरांचे जन्मवर्ष घ्या : १९०५. त्यातले अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९५१०, चढत्या क्रमाने ०१५९. वजाबाकी ९३५१. हीच क्रिया पुन्हा पुन्हा केली की ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. पुढे ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४ च. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे येते. मात्र उत्तर ९९९ आले तर ते ०९९९ असे लिहावे; पुढचे शून्य सोडू नये.

आता ‘का’ विचारू. चार अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ असे माना. मोठी संख्या १०००क + १००ख + १०ग + घ. लहान संख्या १०००घ + १००ग + १०ख + क. वजाबाकी केली की उरते ९९९(क−घ) + ९०(ख−ग). म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर अवलंबून आहे. क−घ हा फरक १ ते ९ पैकी असतो आणि ख−ग हा ० पासून क−घ पर्यंतच जाऊ शकतो. मोजून पाहा : २ + ३ + ४ + … + १० = ५४. सुमारे नऊ हजार संख्यांची गर्दी पहिल्याच वजाबाकीत ५४ संख्यांवर येते. २७ मुलांचा वर्ग असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन. प्रत्येकाने आपापल्या दोन संख्या ६१७४ पर्यंत नेल्या की ही झाली पूर्ण सिद्धता. हजार उदाहरणे तपासून जी खात्री होणार नाही, ती इथे ५४ उदाहरणांत होते, कारण सगळ्या शक्यता संपलेल्या असतात. हा विचार गणिताच्या गाभ्याचा आहे आणि आठवीच्या मुलाला पेलणारा आहे. तक्त्यावर त्यालाच जागा नव्हती.

हार्डींचा आक्षेप मात्र पूर्ण खोडता येत नाही. ६१७४ चे वैशिष्ट्य दशमान पद्धतीतले आहे. आठाच्या पायावर लिहायला लागलो की ते राहत नाही. दोन अंकी संख्या घेतल्या तर स्थिरांक मिळतच नाही. ०९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र फिरत राहते. कापरेकरांच्या लेखनात निरीक्षणे भरपूर आणि व्यापक सिद्धान्त थोडे, हेही मान्य करावे लागते. पण चांगले निरीक्षण प्रश्नाला जन्म देते. २१ मध्ये त्याचेच अंक मिळवले की २४ येतात. अशा रीतीने कोणत्याही संख्येपासून न मिळणाऱ्या २०, ३१, ४२ यांसारख्या संख्यांना कापरेकरांनी ‘स्वयंभू’ म्हटले आणि १९६३ साली देवळालीहून त्यांवर पुस्तिका काढली. पुढे या संख्यांवर इतर गणितज्ञांनीही काम केले.

फ्रान्समधला फर्माही विद्यापीठात नव्हता. तूलूझच्या न्यायालयातला तो अधिकारी पत्रांतून आपले शोध कळवी, पुष्कळदा सिद्धता न देता. पण पॅरिसमध्ये मर्सेन नावाचा धर्मगुरू होता. तो ती पत्रे युरोपभर फिरवी, प्रश्न विचारी, उत्तरे मागवी. त्यामुळे फर्माला खरा टीकाकारवर्ग मिळाला. कापरेकरांची जगाला ओळख झाली ती १९७५ साली, मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले तेव्हा. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते वारले. त्यांना हसणारे भेटले, पुढे हार घालणारेही भेटले. ‘हे दहाच्या पायावरच का? तीन अंकांना काय होते? सिद्धता द्या,’ असे तिशीतल्या कापरेकरांना कुणी सतत विचारले असते, तर त्यांचे काम आणखी खोल गेले असते असे मला वाटते. त्यांची खरी उपेक्षा ही होती.

गौरवाच्या तक्त्याने ती भरून निघत नाही. त्या शाळेत दुसऱ्या दिवशी आम्ही तीन अंकांपासून सुरुवात केली. तिथे वजाबाकी ९९(क−ग) इतकीच असते, म्हणजे शक्यता फक्त नऊ. अर्ध्या तासात मुलांनी ४९५ गाठले आणि नऊच्या नऊ शक्यता तपासून टाकल्या. मागच्या बाकावरचा तो मुलगा उठून म्हणाला, ‘‘सर, आता कापरेकर नसते तरी चाललं असतं.’’ कापरेकर मास्तरांना हे वाक्य आवडले असते. ‘जादूची’ हा शब्द तक्त्यावरून काढायला मी सुचवले नाही. चार अंकांच्या ५४ चौकटी आखून त्याखाली लावा, एवढेच सांगून आलो.